पत्र्याची घडी, नळीचे वळण: धातू वाकवणारी यंत्रे

धातू वाकवणे म्हणजे त्याची एक बाजू ताणणे आणि दुसरी दाबणे. पत्र्याला घडी घातली की घडीच्या बाहेरच्या अंगाचा धातू ताणून लांबतो आणि आतल्या अंगाचा दबून आखूड होतो. या दोन्हींच्या मध्ये एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. लोखंडी कपाट, जिन्याचा कठडा, मोटारसायकलचा सायलेन्सर, दुकानाचे शटर, स्लॅबमधल्या सळया, साखर कारखान्यातली प्रचंड भांडी या सगळ्यांत धातू कुठे ना कुठे वाकवलेला असतो. कापताना धातूचा काही भाग वाया जातो आणि वेल्डिंगमध्ये सांधा येतो. वाकवताना दोन्ही टळते. शिवाय घडी पडलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ होतो.

वाकवण्याची यंत्रे अनेक प्रकारची आहेत, कारण वाकवायचा माल अनेक प्रकारचा आहे. पातळ पत्रा, जाड प्लेट, पोकळ नळी, अँगल आणि चॅनल, भरीव सळई, गुंडाळीवरची लांबलचक पट्टी यांतला प्रत्येक माल वाकताना वेगळा त्रास देतो. मात्र ताण, दाब आणि वाकवल्यानंतर मूळ जागी परतण्याची ओढ या तीन गोष्टी सर्वांना सारख्याच लागू पडतात. प्रत्येक यंत्राची रचना या तिन्हींना आवरण्यासाठीच केलेली असते.

धातू वाकतो तेव्हा

स्टीलची पट्टी हलकेच वाकवून सोडली तर ती पुन्हा सरळ होते. ही तिची लवचीक अवस्था. जोर वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तिच्यात कायमचा बाक येतो. ही मर्यादा फार खाली असते. साध्या पोलादाची, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेतल्या एम.एस.ची, लांबी सुमारे ०.१२ टक्के वाढली की लवचीकपणा संपतो. २ मि.मी. जाड पत्रा आतून २ मि.मी. त्रिज्या ठेवून वाकवला, तर बाहेरचा पृष्ठभाग ३० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो. ज्या धातूला इतका ताण सोसत नाही, त्याला घडीवर तडे जातात. ५०५२ जातीचे ॲल्युमिनियम निमूटपणे वाकते, पण ६०६१-टी६ हे कडक केलेले ॲल्युमिनियम लहान त्रिज्येत वाकवले तर चिरते. रोलिंग मिलमधून निघताना पत्र्यालाही लाकडासारखी एक दिशा येते. घडी त्या दिशेला आडवी पडली तर पत्रा चांगला वाकतो, समांतर पडली तर तडा जाण्याची भीती वाढते.

धातूला कायमचा बाक आला तरी त्याच्यातला लवचीक भाग नाहीसा होत नाही. जोर काढून घेताच पत्रा थोडासा उघडतो. यालाच स्प्रिंग बॅक म्हणतात. साधे पोलाद अंश-दोन अंश उघडते, स्टेनलेस स्टील त्याहून जास्त. धातू जितका मजबूत आणि त्याची ताठरता जितकी कमी, तितकी ही परतण्याची ओढ मोठी. म्हणून ९० अंशांचा कोन हवा असेल तर पत्रा ८८ किंवा ८९ अंशांपर्यंत नेऊन सोडावा लागतो. किती जास्त वाकवायचे, हे धातूची जात, जाडी आणि त्रिज्या यांवर ठरते. एकाच जाडीचे दोन वेगवेगळ्या लॉटमधले पत्रेही सारखे उघडतील याची खात्री नसते.

फोल्डिंग मशीन

पत्रा वाकवण्याचे सर्वांत साधे यंत्र म्हणजे हाताने चालणारे फोल्डिंग मशीन. त्याच्या टेबलावर पत्रा ठेवून वरून जाड पोलादी पट्टीने दाबतात. पुढच्या बाजूला बिजागरीवर फिरणारे एक पाते असते. दोन्ही टोकांचे दांडे धरून ते वर उचलले की टेबलाबाहेर राहिलेला पत्रा वर वळतो. एसीचे डक्ट, पन्हळी, कूलरचे सांगाडे, पत्र्याच्या पेट्या असा हलका माल छोट्या कारखान्यांत या यंत्रावरच होतो. पत्र्याची जाडी इथे अजूनही गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी., १८ गेज म्हणजे १.२ मि.मी. आणि २२ गेज म्हणजे ०.७ मि.मी.

साध्या फोल्डरवर खोका करताना अडचण येते. दोन बाजू वळवून झाल्या की उरलेल्या दोन वळवताना आधी उभ्या राहिलेल्या भिंती दाबपट्टीला अडतात. यासाठी दाबपट्टी अखंड न ठेवता वेगवेगळ्या रुंदीच्या तुकड्यांची करतात. हे तुकडे बोटांसारखे शेजारी शेजारी बसवलेले असतात. खोक्याच्या आतल्या मापाइतके तुकडे ठेवायचे, बाकीचे काढून घ्यायचे. मोकळ्या झालेल्या फटींतून उभ्या भिंती वर निघतात. ट्रे आणि पेट्या करणाऱ्या या यंत्राला इंग्रजी नावावरून बॉक्स अँड पॅन ब्रेक म्हणतात.

प्रेस ब्रेक

कारखान्यात नुसते ‘बेंडिंग मशीन’ म्हटले की बहुधा प्रेस ब्रेकच अभिप्रेत असतो. त्याच्या खालच्या बेडवर व्ही आकाराची खाच असलेली डाय असते, वरच्या रॅमला धारेसारखा पंच असतो. पत्रा डायवर आडवा ठेवतात, मागचा बॅक गेज त्याची कड कुठे टेकवायची ते ठरवतो आणि रॅम खाली येऊन पंच पत्र्याला खाचेत ढकलतो. लांबीने अडीच-तीन मीटरची आणि शंभर टनांच्या आसपास ताकदीची प्रेस ब्रेक मध्यम कारखान्यांत सर्रास दिसतात. जाड प्लेटसाठी याच्या कितीतरी पट मोठी यंत्रे बांधतात.

पंच पत्र्याला खाचेत कितपत दाबतो, यावरून बेंडिंगच्या तीन रीती पडतात. पहिल्या रीतीत पंच डायच्या तळापर्यंत जात नाही. पत्रा पंचाचे टोक आणि डायच्या दोन कडा एवढ्या तीन ठिकाणीच टेकतो. याला एअर बेंडिंग म्हणतात. पंच जितका खोल जाईल तितका कोन मिटतो. त्यामुळे एकाच जोडीत ९०, १२० किंवा १३५ अंशांचे कोन काढता येतात. जोर कमी लागतो म्हणून आज बहुतेक काम याच रीतीने होते. दुसरी रीत बॉटमिंगची. तिच्यात पत्रा डायच्या दोन्ही उतारांवर टेकेपर्यंत दाबतात. कोन जास्त नेमका येतो, पण प्रत्येक कोनासाठी वेगळी डाय लागते. तिसरी रीत कॉइनिंगची. नाण्यावर छाप उठवावा तसा पंच धातूत रुततो आणि त्याची परतण्याची ओढ जवळजवळ मारून टाकतो. त्यासाठी एअर बेंडिंगच्या पाच-दहा पट जोर लागतो, म्हणून ती फार थोड्या कामांना परवडते.

डायच्या खाचेची रुंदी किती घ्यायची याचा एक ठोकताळा प्रत्येक ऑपरेटरला पाठ असतो. पातळ पत्र्याला जाडीच्या सहा ते आठ पट, जाड प्लेटला दहा-बारा पट. साध्या पोलादात घडीची आतली त्रिज्या या रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी येते. रुंदी कमी घेतली तर जोर झपाट्याने वाढतो. ३ मि.मी. एम.एस. पत्रा २४ मि.मी. खाचेवर वाकवायला दर मीटर लांबीला २२ ते २३ टन लागतात. त्याच खाचेवर ६ मि.मी. प्लेट घातली तर हिशेब चौपटीवर जातो, कारण जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा हिशेब न करता जाड प्लेट अरुंद डायवर घातल्यास डाय फुटते आणि तिचे तुकडे गोळीसारखे उडू शकतात.

रॅम खाली आणणारी शक्ती तीन प्रकारची असते. जुन्या मेकॅनिकल प्रेस ब्रेकमध्ये जड फ्लायव्हील फिरत असते आणि क्लच लागला की त्याची ऊर्जा रॅमला मिळते. वेग चांगला, पण एकदा फेरा सुरू झाला की रॅम मध्येच थांबवणे अवघड, म्हणून धोका मोठा. हायड्रॉलिक यंत्रात दोन्ही टोकांचे सिलिंडर तेलाच्या दाबाने रॅम ढकलतात. रॅम हव्या त्या जागी थांबतो, वेग बदलता येतो, फेऱ्यात कुठेही पूर्ण टनेज मिळते. म्हणून हीच यंत्रे सर्वांत जास्त चालतात. सर्वो-इलेक्ट्रिक यंत्रात तेल नसतेच. मोटर थेट बॉलस्क्रू किंवा पट्ट्यांच्या साह्याने रॅम हलवते, वीज लागते तीही प्रत्यक्ष काम सुरू असतानाच. पातळ, नेमक्या मालाला ही यंत्रे सोयीची पडतात.

नेमकेपणा इथे किती लागतो, हे एका हिशेबावरून कळते. १६ मि.मी. खाचेवर पत्रा ९० अंशांच्या जवळ आला असताना पंच ०.१ मि.मी. जरी जास्त खाली गेला, तरी कोनात सुमारे ०.७ अंशाचा फरक पडतो. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी प्रेस ब्रेकमध्ये दोन्ही सिलिंडरांची खोली वेगवेगळी मोजून मि.मी.च्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळतात, ती यासाठीच. एवढे करूनही लांब जॉबमध्ये एक दोष उरतो. जोर रॅमच्या दोन टोकांना लागतो, त्यामुळे रॅम आणि बेड मधोमध किंचित बाक घेतात. परिणामी घडी दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्ये उघडी पडते. पूर्वी यावर डायखाली मधल्या भागात कागदाच्या किंवा पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवण्याचा तोडगा होता. आता बेडमध्येच पाचरी किंवा छोटे सिलिंडर बसवून बेडला उलटा फुगवटा देतात. याला क्राउनिंग म्हणतात.

एका चॅनलचा हिशेब

वाकवायच्या मालाचे सपाट माप काढणे ही या धंद्यातली पहिली परीक्षा. समजा, २ मि.मी. पत्र्याचा एक चॅनल हवा आहे. त्याचा तळ बाहेरून १०० मि.मी., दोन्ही भिंती बाहेरून ५० मि.मी. आणि आतली त्रिज्या २ मि.मी. नवशिक्या ५०, १०० आणि ५० यांची बेरीज करून २०० मि.मी. पट्टी कापतो आणि वाकवल्यावर चॅनल मोठा होतो. कारण कोपऱ्यात धातू काटकोनात वळत नाही, तो कोपरा कापून गोलाईने जातो.

नीट हिशेब असा. प्रत्येक कोपऱ्याच्या बाजूला त्रिज्या आणि जाडी मिळून ४ मि.मी. वजा केले की भिंतींचा सपाट भाग ४६ मि.मी. आणि तळाचा ९२ मि.मी. उरतो. हे झाले १८४ मि.मी. घडीच्या गोलाईत किती धातू जातो, हे उदासीन अक्षाच्या कमानीवरून काढतात. हा अक्ष जाडीच्या बरोबर मधोमध नसून आतल्या बाजूला थोडा सरकलेला असतो. किती सरकला, हे सांगणाऱ्या आकड्याला के फॅक्टर म्हणतात आणि तो सहसा ०.३३ ते ०.५ यांच्या दरम्यान असतो. इथे ०.४२ धरला तर एका काटकोनी घडीत ४.४६ मि.मी. धातू जातो. दोन घड्यांचे ८.९२ मिळवले की एकूण माप येते सुमारे १९२.९ मि.मी. म्हणजे सरळ बेरजेपेक्षा तब्बल ७ मि.मी. कमी.

माप बरोबर आले तरी घड्यांचा क्रम चुकला तर काम अडते. चारी बाजूंच्या खोक्यात शेवटची घडी घालताना आधी उभी झालेली भिंत पंचावर आपटू शकते. त्यासाठी बगळ्याच्या मानेसारखा वाकडा पंच वापरतात, त्याच्या पोकळीत ती भिंत मावते. कोणती घडी आधी आणि कोणती नंतर, याचा क्रम आता सीएनसीचे सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवते. अनुभवी ऑपरेटर पुठ्ठ्याचा तुकडा दुमडूनही तो ठरवतात.

पॅनेल बेंडर

प्रेस ब्रेकवर मोठा पत्रा वाकवताना तो माणसाला हातात तोलून धरावा लागतो. रॅम खाली आला की पत्र्याचे बाहेरचे टोक झपकन वर उठते आणि त्याच्याबरोबर माणसालाही हात वर न्यावे लागतात. पॅनेल बेंडरमध्ये याच्या उलट रचना असते. पत्रा टेबलावर आडवाच राहतो, यंत्र त्याला मध्ये घट्ट पकडते आणि वरखाली हलणारी पाती फक्त त्याची कड वर किंवा खाली वळवतात. एक बाजू झाली की यंत्र स्वतःच पत्रा फिरवून दुसरी बाजू पुढे आणते. फ्रिजचे दार, लिफ्टचे पॅनेल, ऑफिसची कपाटे अशा मोठ्या आणि सारख्या मालाच्या हजारो नगांसाठी हे यंत्र चांगले. किंमत मोठी असल्यामुळे थोड्या नगांच्या कामाला ते परवडत नाही.

प्लेट रोलिंग

पत्र्याची घडी न घालता त्याला गोलाई द्यायची असेल तर रोलिंग मशीन लागते. पाण्याच्या टाक्या, बॉयलर, साखर कारखान्यातले पॅन, जलविद्युत केंद्राचे पेनस्टॉक, पवनचक्कीचे मनोरे यांचे गोल भाग प्लेट रोलिंगवर होतात. सर्वांत साध्या यंत्रात खाली दोन रोलर आणि वर मधोमध एक रोलर असतो. प्लेट तिन्हींच्या मधून पुढेमागे जाते. वरचा रोलर दर फेरीला थोडा खाली आणला की प्लेटची गोलाई वाढत जाते.

हे तीन रोलरचे तत्त्व गावच्या लोहाराच्या कामाशी नाते सांगणारे आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर आधी सरळ पट्टीचे कडे करावे लागते. चाकाचा व्यास १५०० मि.मी. असेल तर त्याचा परीघ सुमारे ४७१२ मि.मी. पट्टी एवढीच कापली तर कडे होताना ते आखूड पडते, कारण परिघाचा हिशेब पट्टीच्या जाडीच्या मध्यावरून धरावा लागतो. १२ मि.मी. जाडीच्या पट्टीला त्यासाठी आणखी सुमारे ३८ मि.मी. लागतात. त्यातून थोडी कसर पुन्हा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे कडे थंड असताना चाकावर बसत नाही. गोवऱ्यांच्या जाळात ४०० अंशांनी तापले की त्याचा परीघ वीस-बावीस मि.मी.ने वाढतो, ते चाकावर चढते आणि पाणी ओतताच आक्रसून लाकडाला कवळते. प्लेट रोलिंगमध्ये टाकीचे माप काढतानाही व्यास जाडीच्या मध्यावरूनच धरतात.

तीन रोलरच्या यंत्राचा दोष असा की प्लेटची दोन्ही टोके सपाट राहतात. शेवटचा भाग तिन्ही रोलरच्या पकडीत येतच नाही. म्हणून टोके आधी प्रेसवर वळवून घ्यावी लागतात. चार रोलरच्या यंत्रात मधले दोन रोलर प्लेटला चिमटीत धरतात आणि बाजूचे दोन रोलर टोकापासूनच तिला वळवू लागतात. सपाट भाग मग अगदी थोडा उरतो आणि प्लेट उलटी फिरवून घालायची गरज पडत नाही. रोलर एका बाजूला तिरके केले की शंकूही वळवता येतो. खूप जाड प्लेट मात्र तापवूनच वाकवतात.

सेक्शन बेंडिंग

अँगल, चॅनल, आय-बीम, चौकोनी नळी यांना कमानीचा आकार देण्यासाठी सेक्शन बेंडिंगची यंत्रे असतात. तत्त्व तीन रोलरचेच, पण रोलरांना मालाच्या आकाराच्या खाचा असतात. अँगल वाकवताना त्याची एक बाजू आडवी आणि एक उभी असल्यामुळे तो पीळ घेतो. तो टाळण्यासाठी बाजूने आधार देणारे रोलर लावावे लागतात. प्रवेशद्वाराच्या कमानी, टाक्यांना बाहेरून बसवलेली कडी आणि गोल छपरांचे सांगाडे असेच तयार होतात. रेल्वेचे रूळ जागेवर वाकवण्यासाठी जिम क्रो नावाचे एक हत्यार वापरात होते. दोन आकड्यांत रूळ अडकवायचा आणि मधला स्क्रू आवळत न्यायचा, एवढीच त्याची रचना. तीन ठिकाणी धरून मध्ये दाबण्याचे तत्त्व त्यात उघडे दिसते.

नळीचे वळण

नळी वाकवणे पत्र्यापेक्षा अवघड, कारण ती आतून पोकळ असते. बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतल्या भिंतीला सुरकुत्या पडतात आणि गोल नळी चपटी होऊ पाहते. ५० मि.मी. व्यासाची नळी मध्यापासून १०० मि.मी. त्रिज्येत काटकोनात वळवली तर मध्यरेषेची कमान १५७ मि.मी. होते. बाहेरची कड मात्र सुमारे १९६ मि.मी. आणि आतली ११८ मि.मी. भरते. एकाच नळीच्या दोन बाजूंना एवढा फरक पचवावा लागतो. त्रिज्या व्यासाच्या किती पट आहे, त्यावरून काम किती अवघड ते ठरते. दुप्पट त्रिज्या चालण्यासारखी. व्यासाइतकीच त्रिज्या फार कष्टाची.

नळी चपटी होऊ नये म्हणून तिच्यात रेती भरून टोके बंद करण्याची पद्धत जुनी आहे. ही रेती पूर्ण कोरडी लागते. नळी तापवताना ओलसर रेतीची वाफ झाली तर टोकाचे बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. एसी बसवणारा तांब्याची नळी हातातल्या लिव्हर बेंडरवर वाकवतो, प्लंबर जीआय पाइपसाठी हातपंपाचे हायड्रॉलिक बेंडर वापरतो. दुसऱ्यात दोन रोलरच्या मध्ये गोल फॉर्मर पुढे सरकतो आणि पाइपला वळण येते. काम झटपट होते, पण वळणावर पाइप किंचित चपटा राहतो.

नेमक्या कामाला रोटरी ड्रॉ बेंडिंगचे यंत्र लागते. त्यात नळीचे टोक गोल डायला क्लॅम्पने घट्ट धरतात आणि डाय फिरली की नळी तिच्याभोवती ओढली जाते. मागून प्रेशर डाय नळीला दाबून धरते. सुरकुत्या पडण्याच्या जागी वायपर डाय नावाचा पातळ आधार असतो. नळीच्या पोटात मँड्रेल असतो. एकमेकांना सांधलेल्या गोळ्यांचा हा दांडा वळणाबरोबर स्वतःही वळतो आणि नळीला आतून सावरतो. मोटारींचे एक्झॉस्ट पाइप आणि सायकलींचे हँडल अशा यंत्रांवर होतात. सायकलच्या हँडलावरूनच बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या मार्सेल ब्रॉयरला १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची करण्याची कल्पना सुचली आणि नळीचे फर्निचर घराघरांत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या अजस्र पाइपांसाठी इंडक्शन बेंडिंग वापरतात. पाइपभोवतीची विजेची कॉइल त्याचा एक अरुंद पट्टा लालबुंद करते, यंत्र पाइपला मागून सावकाश ढकलते आणि पट्ट्यापुढचा भाग लगेच पाण्याने थंड होतो. एका वेळी तेवढाच मऊ पट्टा वाकतो, त्यामुळे सुरकुती पडत नाही.

सळई आणि रिंगा

बांधकामाच्या साइटवर फळीवर ठोकलेले खिळे आणि हातातला लोखंडी पाना एवढ्यावर फिटर स्लॅबच्या आणि कॉलमच्या रिंगा वाकवताना दिसतात. ८ मि.मी. सळईला हे चालते. २५ किंवा ३२ मि.मी. सळईला बार बेंडिंग मशीन लागते. त्याच्या फिरत्या चकतीवर दोन खुंट्या असतात. सळई मधल्या खुंटीला टेकते, बाहेरची खुंटी तिला वळवत नेते आणि ठरलेल्या कोनावर चकती थांबते. मधल्या खुंटीचा व्यास सळईच्या जाडीप्रमाणे बदलायचा असतो. सगळ्या सळयांना एकच बारीक खुंटी वापरली तर जाड सळईच्या बाहेरच्या अंगाला केसासारखे तडे जातात आणि ते काँक्रीटमध्ये झाकले जातात. मोठ्या प्रकल्पांवर गुंडाळीतून सळई ओढून, सरळ करून, वाकवून आणि कापून रिंगा टाकणारी स्वयंचलित यंत्रेही असतात.

रिंगेच्या टोकाचा कोन ही वरवर किरकोळ बाब वाटते. भूकंपाच्या दृष्टीने बांधकाम कसे असावे हे सांगणाऱ्या आयएस १३९२० या भारतीय मानकाने रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवायला सांगितले आहे. भूकंपात कॉलमवरचे काँक्रीट निखळले की ९० अंशांचे टोक उघडते आणि रिंग सुटते. १३५ अंशांचे टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेले राहते.

रोल फॉर्मिंग

लांबच लांब मालाला एकसारखा आकार द्यायचा तर रोल फॉर्मिंग लागते. गुंडाळीतली पट्टी रोलरांच्या जोड्यांच्या ओळीतून पुढे जाते. अशा दहा-वीस जोड्या एकामागोमाग असतात आणि प्रत्येक जोडी पट्टीला थोडे थोडे वळवते. शेवटी पूर्ण आकाराचा माल बाहेर पडतो आणि चालता चालताच हव्या त्या लांबीला कापला जातो. दुकानाच्या शटरच्या पट्ट्या, शेडचे सी आणि झेड पर्लिन, महामार्गाकडेचे कठडे आणि रंगीत पत्रे असे होतात.

पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट १८२९ मध्ये हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने घेतले. तो लंडनच्या गोदीत काम करत होता. कागद सपाट धरला तर स्वतःच्या वजनानेही वाकतो, त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या की पेन तोलतो. पन्हळी पत्र्याचे हेच गमक. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा त्यामुळे दोन वाश्यांमधले अंतर पेलतो आणि कोकणातल्या पावसाखालीही टिकतो.

तार वाकवणारी यंत्रे याच कुळातली, फक्त छोट्या मालाची. त्यांत रोलर तार पुढे ढकलतात, समोरच्या खुंटीवर आपटून ती वळते आणि खुंटीची जागा बदलली की वळणाची त्रिज्या बदलते. स्प्रिंगा, हुक, जाळ्या अशा यंत्रांवर होतात.

निवड आणि सुरक्षितता

कोणते यंत्र घ्यायचे याचे उत्तर चार प्रश्नांत असते: माल कोणत्या आकाराचा, किती जाड, कोन हवा की गोलाई, आणि नग किती. दहा नगांच्या ट्रेला हाताचा फोल्डर पुरतो, शंभर-दोनशे वेगवेगळ्या ब्रॅकेटना सीएनसी प्रेस ब्रेक, रोजच्या हजार दारांना पॅनेल बेंडर आणि किलोमीटरच्या हिशेबातल्या पत्र्याला रोल फॉर्मिंग. नग कमी असताना महागडी लाइन घेतली तर ती सेटिंगमध्येच निम्मा वेळ खाते. नग जास्त असताना हाताचे यंत्र वापरले तर कोनात फरक पडत जातो.

ही यंत्रे हळू चालताना दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी वाटते, आणि अपघात तिथेच होतात. पंच आणि डाय यांच्या मधली जागा काही मिलिमीटरची, पायाशी पेडल आणि दोन्ही हात पत्र्यावर, अशा स्थितीत एका क्षणाच्या चुकीने बोटे जातात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा बंधनकारक केला तो अशा जागांसाठी. आधुनिक प्रेस ब्रेकवर पंचाच्या टोकाखालून लेझरचा किरण जातो, तो तुटला की रॅम थांबतो. ही सोय गैरसोयीची वाटते म्हणून बंद करून ठेवली तर तिचा उपयोग शून्य. रोलिंग मशीनवर सैल बाह्या आणि हातमोजे यांचा धोका मोठा, कारण रोलर जे पकडतो ते सोडत नाही. जाड प्लेट दोघे मिळून धरत असतील तर पेडल कोणाच्या पायाखाली आहे, हे आधी ठरलेले असावे लागते.

सीएनसीच्या पडद्यावर कोन, खोली, टनेज सगळे आकड्यांत दिसते. तरीही नवा लॉट लावला की पहिला नग बाहेर काढून त्याला गुण्या लावतात, उजेडाकडे धरून फट दिसते का ते पाहतात आणि मगच पुढचा माल सोडतात.